चलितदंत आणि क्षीरपान : सुश्रुतसंहितेंतील एका स्थळाचा विचार

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. हाड मोडलें किंवा सांधा निखळला असतां वैद्यानें काय करावें, हें त्यांत नखाच्या सांध्यापासून आरंभ करून कवटीपर्यंत क्रमानें सांगितलें आहे. या क्रमांत, निखळलेल्या जबड्यानंतर व मोडलेल्या नाकापूर्वीं, आघातानें हललेल्या दांतांविषयीं दोन-अडीच श्लोकांचें एक लहानसें स्थळ येतें. एरवीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नसतें. परंतु त्यांत दुधाचें नांव आलें आहे, आणि आजच्या दंतवैद्यकांतहि पडलेला दांत दुधांत ठेवावा असें सांगतात. या दोन गोष्टी एकमेकींस जोडून, निखळून पडलेला दांत दुधांत जतन करून पुन्हां बसविण्याची विद्या सुश्रुतास अवगत होती, असें विधान अलीकडे व्याख्यानांतून ऐकूं येतें. विद्यार्थ्यांच्या एका सभेंत तें आमच्यासमक्षच करण्यांत आलें. हें विधान मूळ ग्रंथाशीं जुळतें कीं नाहीं, आणि जुळत नसेल तर ग्रंथ खरोखर काय सांगतो, याचा विचार येथें कर्तव्य आहे. प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाहीं. हललेला दांत आणि पडलेला दांत यांचे उपचार निराळे आहेत. त्यांची गल्लत झाली तर ग्रंथाला अन्याय होतो तो होतोच, पण एखाद्या मुलाच्या तोंडाचेंहि कायमचें नुकसान होतें.

आम्हीं आधारास घेतलेला पाठ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या, वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य व नारायण राम आचार्य यांनीं संपादिलेल्या आवृत्तीचा आहे. डल्हणाची निबंधसंग्रह ही टीका तींत सोबत छापलेली आहे.

दांतांचा विचार भग्नचिकित्सेंत कां यावा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सुश्रुताच्या मतें दांत हीं हाडेंच होत. हाडांचे त्यानें कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पांच प्रकार केले आहेत व त्यांपैकीं रुचक म्हणजे दांत. आघात झाला असतां प्रत्येक प्रकारचें हाड निराळ्या रीतीनें इजा पावतें, हेंहि निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायांत सांगितलें आहे : तरुणास्थि लवतात, नळीसारखीं हाडें मोडतात, कपालास्थि दुभंगतात, आणि दांत फुटतात. येथें प्रत्येक हाडाला योजलेला धातु निराळा आहे हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आजच्या शारीरशास्त्रांत दांत हाडांत मोजीत नाहींत. पण मार लागलेल्या दांताकडे मोडलेल्या हाडाच्या नात्यानें पाहण्याची ही दृष्टि उपचाराच्या बाबतींत फलदायीच ठरली, असें पुढील विवेचनावरून दिसेल.

आतां मूळ स्थळाचा आशय. तरुण मनुष्याचे दांत न मोडतां केवळ हलले असतील व त्यांतून रक्त येत असेल तर ते दाबून बसवावे. बाहेरून थंड लेप द्यावा. थंड पाण्यानें सिंचन करून सन्धानीय द्रव्यांनीं उपचार करावा. आणि रोग्यास उत्पलाच्या नाळेनें दूध पाजावें. वृद्धाचे हललेले दांत मात्र वर्ज्य करावे. स्थळ एवढेंच आहे.

यांतील पहिलें विशेषण अभग्न हें आहे आणि दुसरें चलित. म्हणजे दांत शाबूत आहे व आपल्या खोबणींतच आहे. तो फक्त जागेवरून ढळला आहे. खोबणींतून सुटून भुईवर पडलेल्या दांताचा येथें उल्लेखच नाहीं. तसा अभिप्राय असता तर पतित, च्युत, भ्रष्ट अशा शब्दांची संस्कृतांत कांहीं वाण नव्हती, आणि दाबून बसविण्यापूर्वीं तो दांत उचलणें, धुणें, खोबणींत घालणें या क्रिया सांगाव्या लागल्या असत्या. अवपीडन हा शब्दहि हेंच दाखवितो. खोबणींत असलेल्या वस्तूवरच वरून दाब देतां येतो.

दुधाविषयींहि तसेंच आहे. दूध पिण्यासाठीं सांगितलें आहे, दांत ठेवण्यासाठीं नव्हे. ज्याचे पुढचे दांत नुकतेच दाबून बसविले आहेत त्यास चावतां येत नाहीं आणि चावूं देणें इष्टहि नाहीं; म्हणून द्रव आहार. भांडें ओठांस लावून प्यावें तर त्याची कड दांतांस लागते, म्हणून नाळ. कमळाच्या किंवा उत्पलाच्या देठाला आडवा छेद दिला तर आंत उभ्या पोकळ नळ्या दिसतात, आणि अशा देठानें द्रव ओढून घेतां येतो. आजच्या रुग्णालयांत जबड्याच्या रोग्यास जी नळी देतात तिचें काम येथें तळ्यांतला देंठ करीत आहे. याच अध्यायांत सामान्यतः सर्व भग्नरोग्यांस शाळीचा भात, मांसरस, दूध, तूप हा आहार हितकर म्हणून सांगितला आहे. पहिलटकरणी गाईचें दूध मधुर औषधांनीं सिद्ध करून, थंड झाल्यावर तूप व लाख मिसळून सकाळीं प्यावें असाहि एक योग आहे. मांडीचें हाड मोडलेला मनुष्यहि तेंच दूध पितो. तेव्हां दांतांच्या प्रकरणांतील दूध हें त्या सर्वसाधारण पथ्याचाच भाग आहे. त्यांत वेगळेपण आहे तें दुधाचें नसून नाळेचें.

दांत दुधांत ठेवण्याची कल्पना कोठून आली, हेंहि येथें सांगणें अवश्य आहे. कारण तिचें श्रेय ज्यांचें त्यांस दिलें पाहिजे. दांताच्या मुळाभोंवतीं सूक्ष्म तंतूंचें एक अस्तर असतें व त्याच्या योगानें दांत जबड्याच्या हाडास बांधलेला असतो. दांत आघातानें उपटून आला म्हणजे या अस्तराचा कांहीं भाग मुळावर चिकटून राहतो. तो जिवंत असतां दांत परत खोबणींत गेला तर पूर्ववत् रुजण्याची आशा असते. तो वाळून मेला तर शरीर त्या मुळाला हळूहळू झिजवून टाकतें. कोपनहेगन येथील आंद्रेआसेन यांनीं एका सहकाऱ्यासह १९६६ सालीं पुन्हां बसविलेल्या ११० दांतांची हकीकत प्रसिद्ध केली. तींत अर्ध्या तासाच्या आंत बसविलेल्यांपैकीं शेंकडा ९० दांतांच्या मुळांस झीज दिसली नाहीं, आणि दोन तासांनंतर बसविलेल्यांपैकीं शेंकडा ९५ दांतांस ती दिसली. पुढें १९८० सालीं स्वीडनमधील ब्लोमलॉफ व ओटेस्कोग यांनीं दूध आणि लाळ यांत ठेवलेल्या या तंतुमय अस्तराच्या पेशी कितपत जगतात हें तपासलें, आणि दूध त्यांस मानवतें असें आढळून आलें. साध्या पाण्यांत त्या फुगून फुटतात. दुधाची क्षारता त्यांच्याशीं मिळतीजुळती असते. म्हणजे हें ज्ञान पेशींचें आहे, सूक्ष्मदर्शकाचें आहे, आणि अर्ध्या शतकाहून फार जुनें नाहीं. सुश्रुतावर तें लादल्यानें सुश्रुताचा गौरव वाढत नाहीं. उलट त्यानें नाळेची जी खरीखुरी सोय सांगितली ती वाचकाच्या नजरेआड होते.

आम्हीं शाळेंत तीसांहून अधिक वर्षें घालविलीं, आणि हुतुतू, आट्यापाट्या व विटीदांडू यांत फुटलेलीं तोंडें पुष्कळ पाहिलीं. अशा वेळीं वडीलधारीं माणसें पडलेला दांत कौलावर टाकण्यास सांगतात. दुधाच्या दांताला ही रीत ठीकच आहे, कारण तो परत बसवावयाचाच नसतो. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दांत बहुधा कायमचा असतो, आणि तो कौलावर गेला कीं गेलाच. तो वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा, मूळ घांसूं नये, मळला असल्यास दुधानें हलकेच धुऊन तेथेंच खोबणींत बसवावा, आणि तें न साधलें तर दुधांत घालून तांतडीनें दंतवैद्याकडे न्यावा, एवढें शिक्षकांस ठाऊक असलें पाहिजे. असो, आपण ग्रंथाकडे वळूं.

तरुण आणि जीर्ण असा जो भेद सुश्रुतानें केला आहे तो या स्थळाचा कणा आहे. याच अध्यायांत त्यानें हाड सांधण्याची कालमर्यादा वयाप्रमाणें दिली आहे : पहिल्या वयांत एक महिना, मध्यम वयांत दुप्पट, उतारवयांत तिप्पट. हाच नियम त्यानें दांतांस लावला आहे, आणि अनुभवाशीं तो जुळतो. लहान वयांत दांताच्या मुळाचें टोंक पुरतें मिटलेलें नसतें, भोंवतालचें हाड लवचिक असतें, आणि ढळलेल्या दांताच्या आंतील रक्तवाहिन्या पुन्हां जोडल्या जाण्याचा संभव असतो. वृद्धाचें दंतमूळ हिरडीच्या रोगानें आधींच उघडें पडलेलें असतें. तेथें मार हें केवळ निमित्त होतें.

जीर्णाचे दांत वर्ज्य करावे, म्हणजे नेमकें काय करावें? वर्जयेत् या क्रियापदाचा अर्थ दांत काढून टाकावे असा घेण्याचा मोह होतो, परंतु आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं. एक तर, ज्या भग्नांवर इलाज चालत नाहीं तीं वर्ज्य होत, असा वर्जन शब्दाचा पारिभाषिक उपयोग भग्नाच्या निदानांत आधींच झाला आहे. तेथें कोणी वर्ज्य म्हणजे कापून टाकण्याजोगें असा अर्थ करीत नाहीं. दांत काढण्यासाठीं ग्रंथकार उद्धरण हा शब्द वापरतो, तो येथें नाहीं. आणि तिसरें व आमच्या मतें निर्णायक प्रमाण चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. तेथें दंतनाडीच्या प्रकरणांत वरच्या ओळीचा दांत, हलत असला तरी, वैद्यानें काढूं नये असें स्पष्ट बजावलें आहे. काढल्यास रक्तस्राव अति होऊन दृष्टि जाणें, तोंड वांकडें होणें असे भयंकर विकार उद्भवतात, असें कारणहि दिलें आहे. वाग्भटहि वरच्या दांताविषयीं हाच निषेध करतो. आतां आघात बहुधा वरच्याच पुढच्या दांतांस होतो. अर्थात् वर्जयेत् याचा अर्थ काढावे असा केला तर एकाच ग्रंथांत चलितदंताविषयीं दोन परस्परविरुद्ध आज्ञा उभ्या राहतात. तेव्हां, म्हाताऱ्याचा हललेला दांत पुन्हां घट्ट होण्याची आशा नसल्यामुळें वैद्यानें त्याची जबाबदारी घेऊं नये, असाच अर्थ घेणें युक्त होय. वरच्या दांताच्या निषेधामागील कारण आज कोणी मानणार नाहीं. पण रक्तस्राव थांबविण्याचीं साधनें तोकडीं असतां ही भीति निराधार म्हणतां येत नाहीं.

दंतमूलगत रोगांत वैदर्भ नांवाचा एक रोग सुश्रुतानें अभिघातज म्हणून दिला आहे : हिरड्या घांसल्या गेल्यानें मोठी सूज येते व दांत हलूं लागतात. त्यावर शस्त्रानें शोधन, क्षार आणि मग थंड उपचार सांगितले आहेत. दोन्ही ठिकाणीं थंड उपचारांवर भर आहे, एवढेंच येथें नोंदवितों.

आतां या स्थळांत जें नाहीं त्याकडे वळूं. दाबून बसविलेला दांत जागीं राहावा यासाठीं त्याला शेजारच्या घट्ट दांतांशीं बांधावें, असें सुश्रुत म्हणत नाहीं. ही गोष्ट आश्चर्याची आहे. हातापायांच्या हाडांसाठीं त्यानें मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू, वड इत्यादींच्या सालींच्या किंवा कांबींच्या कुशा सांगितल्या आहेत. जबड्यासाठीं पञ्चाङ्गी नांवाचा बंध सांगितला आहे. आणि दांतांपाशीं येतांच बंधन नाहींसें होतें. सन्धानीय द्रव्यें बहुतेक तुरट आहेत; त्यांनीं हिरडी आवळून येईल, पण दांत धरून ठेवण्याचें काम त्यांच्यानें किती व्हावें?

ग्रीक व रोमन वैद्यांनीं मात्र हें बंधन सांगितलें आहे. हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या संधिविषयक ग्रंथांत, जबडा मोडून दांत ढळले असतां ते हाड सांधेपर्यंत एकमेकांशीं सोन्याच्या तारेनें, आणि ती नसल्यास तागाच्या दोऱ्यानें बांधावे असें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील सेल्सस हा रोमन लेखकहि, आघातानें डळमळणारे दांत सोन्यानें घट्ट दांतांशीं बांधण्यास सांगतो. त्यापूर्वीं कितीतरी शतकें, इसवी सनापूर्वीं ४५० च्या सुमारास झालेल्या रोमच्या द्वादशपट्ट कायद्यांत प्रेतासोबत सोनें पुरण्यास बंदी असतां दांत बांधलेल्या सोन्यास तींतून सूट होती. कोर्दोवा येथील अल्-झहरावी (मृत्यु १०१३ च्या सुमारास) यानें तर तार सोन्याचीच कां घ्यावी याचेंहि कारण दिलें आहे : चांदी थोड्याच दिवसांत हिरवी पडते, सोनें जसेंच्या तसें राहतें.

मग आपल्याकडे ही कृति अज्ञातच होती काय? वैद्यकग्रंथांबाहेर एक पुरावा आहे, आणि तो रणभूमीवरचा आहे. इ. स. ११९४ मध्यें यमुनेकांठीं चंदावर येथें मुइझुद्दीन घोरीच्या सैन्याशीं झालेल्या लढाईंत कनोजचा गाहडवाल राजा जयचंद्र पडला. या लढाईची हकीकत इब्न अल्-असीर (११६०–१२३३) यानें आपल्या अल्-कामिल या इतिहासांत दिली आहे. तो या राजास बनारसचा राजा म्हणतो. तो लिहितो कीं, राजाचें प्रेत कोणासहि ओळखूं आलें नसतें. परंतु त्याचे दांत मुळाशीं दुर्बळ झाल्यामुळें सोन्याच्या तारेनें बांधलेले होते, त्यावरून तें ओळखलें गेलें. इलियट व डौसन यांच्या संग्रहाच्या दुसऱ्या खंडांत हा उतारा इंग्रजींत उपलब्ध आहे.

या पुराव्याची किंमत बेतानेंच केली पाहिजे. इब्न अल्-असीर समकालीन खरा, परंतु तो मोसूलचा रहिवासी. त्याची माहिती ऐकीव आहे. शिवाय राजाचे दांत आघातानें नव्हे तर दौर्बल्यानें हलले होते. तथापि अशी बारीक आणि कथेस अनावश्यक गोष्ट कोणी हौसेनें रचील असें आम्हांस वाटत नाहीं. ती खरी धरली तर दोन अनुमानें निघतात. पहिलें असें कीं, बाराव्या शतकांत गंगायमुनेच्या प्रदेशांत दांत सोन्याच्या तारेनें बांधणारा कोणीतरी कारागीर होता. दुसरें असें कीं, ही कृति विरळा होती. कारण सरसकट सरदारांचे दांत तसे बांधलेले असते तर त्यावरून राजा ओळखतां आला नसता. विशेष हें कीं, ज्या जीर्ण दांतांस सुश्रुत वर्ज्य म्हणतो तशाच दांतांवर येथें इलाज झालेला दिसतो. वैद्यानें ज्याची जबाबदारी नाकारली तें काम बहुधा सोनारानें पत्करलें असावें. सोनाराच्या हातांतील विद्या पोथींत चढत नाहीं, म्हणून तिचा मागमूस वैद्यकग्रंथांत सांपडूं नये हें स्वाभाविक आहे. हा आमचा तर्क आहे. एखादा शिलालेख, हिशेबाचा कागद किंवा उत्खननांत निघालेला जबडा त्यास दुजोरा देईल तर आम्हांस आनंदच होईल.

बंधनाचें तत्त्व आजहि कायम आहे. मात्र एके काळीं दांत जितका करकचून बांधावा तितका बरा असें समजत, आतां ०.४ मिलिमीटरपर्यंत जाडीची लवचिक तार दांतांवर चिकटवितात, दांतास किंचित् हालचाल राहूं देतात, आणि निखळून पुन्हां बसविलेला दांत सामान्यतः दोन आठवड्यांत मोकळा करतात. अति घट्ट बांधलेला दांत हाडाशीं एकजीव होऊन पुढें झिजतो, हा अनुभव त्यामागें आहे.

राहतां राहिला धर्मशास्त्राचा विषय. दांत कोणीं पाडला आणि इलाजाचा खर्च कोणीं द्यावा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दण्डपारुष्याच्या प्रकरणीं हात, पाय किंवा दांत मोडणें, कान-नाक कापणें यांस पूर्वसाहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण, सांगितला आहे. मान किंवा मांडी मोडणें, डोळा फोडणें, आणि बोलणें, हालचाल किंवा जेवण यांस अडथळा आणणें, यांस मध्यमसाहसदंड व शिवाय समुत्थानव्यय, म्हणजे रोगी बरा होऊन उठेपर्यंतचा खर्च. येथें वादीला एक वाट मोकळी दिसते. दांत गेल्यामुळें जेवण बंद झालें असें दाखवितां आलें, तर दावा वरच्या वर्गांत जाऊन वैद्याचा खर्चहि पदरांत पडावा. याज्ञवल्क्यानें हा भेद ठेवलाच नाहीं. त्यानें दांत मोडण्यास सरळ मध्यम दंड सांगून त्यास डोळ्याच्या पंक्तीस बसविलें. त्याच्या परिमाणानें तो ५४० पण होतो. दुखापत करणाऱ्यानें समुत्थानव्यय द्यावा, हा नियमहि त्यानें सामान्य केला. मनूच्या आठव्या अध्यायांतहि हा व्यय आहे. याज्ञवल्क्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत लिहिली गेली आणि महाराष्ट्रांत ती प्रमाण मानीत, म्हणून आपल्या प्रांतापुरता याज्ञवल्क्याचा नियम अधिक महत्त्वाचा.

इंग्रजी अंमलांत १८६० चा भारतीय दंडविधान कायदा झाला व १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. त्याच्या ३२० व्या कलमांत जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते, त्यांपैकीं सातवा हाड किंवा दांत मोडणें अथवा निखळविणें हा. दांत पाडून हातांत देईन ही आपल्याकडील भांडणांतली नेहमींची धमकी. ती खरी करणारास ३२५ व्या कलमाखालीं सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकत असे, हें धमकी देणारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. तो कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली; तिच्या ११६ व्या कलमांत हा सातवा प्रकार तसाच ठेवला आहे, आणि शिक्षेची सात वर्षांची मर्यादाहि कायम आहे. दोन्ही कायद्यांत दांत हा शब्द हाडाच्या जोडीनें, पण हाडाहून निराळा लिहिला आहे. सुश्रुताच्या गणनेप्रमाणें तो वेगळा लिहावा लागला नसता.